बाहुलीघराचा दुसरा हात

नकाशेकाकांना कुजबुजता येत नसे. कान जरा मंद झाल्यापासून त्यांची कुजबुज म्हणजे इतरांचं भाषण. त्या सकाळीही ते गॅलरीचं दार लावून, फोनपुढे हात आडवा धरून पेंटरशी गुपचूप बोलत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीने नीट ऐकू यावं म्हणून मशीन थांबवलं होतं.

"हॉल बारा बाय दहा. भिंतींना फिकट पिस्ता. फिकट म्हणजे फिकट, पेंटर! मागच्यासारखा पोपट नकोय मला. बेडरूमच्या छतावर चांदण्या. किती? एकशे वीस. एकही कमी नको. आणि हे बघ, आमच्या घरात कुणाला कळता कामा नये."

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातली चहाची गाळणी हवेतच थांबली.

आता खरा प्रकार असा, की हा सगळा थाट नातीच्या बाहुल्यांसाठी होता. वाढदिवसाला तिला बाहुलीघर हवं होतं. "तुमच्या घरासारखंच हवं आजोबा," ती म्हणाली होती, "पण छान." काकांना हे "पण" थोडं लागलं, तरी घर मात्र त्यांनी अगदी आपलंच काढलं. चौतीस वर्षं एका आर्किटेक्टकडे नकाशे काढण्यात गेली होती. एका फुटाला एक इंच, हे प्रमाण हातात इतकं बसलं होतं, की कागदावर इंच मोजतानाही तोंडात फूटच यायचे. त्यामुळे बाहुलीघराचा हॉल बारा इंच लांब असला तरी काकांच्या तोंडी तो बारा फूट होता. पेंटर आणि सुतार दोघांनाही ही सवय ठाऊक होती. बाहुलीघर गल्लीच्या टोकाला सुताराच्या कारखान्यात तयार होत होतं, कारण घरी ठेवलं असतं तर नातीने दोन मिनिटांत हुडकलं असतं. आणि काकूंना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं काकांचं चाळीस वर्षांपासूनचं ठाम मत होतं.

खुद्द काकांच्या घराला अकरा वर्षांत ब्रश लागला नव्हता. हॉलच्या भिंतीवर ओल येऊन उंटाचा आकार झाला होता आणि दर पावसाळ्यात उंट जाड होत होता. स्वयंपाकघरातल्या फडताळाचं दार सुतळीने बांधून ठेवावं लागे. काकू दरवर्षी विषय काढत आणि काका दरवर्षी म्हणत, "बघू पुढच्या वर्षी." जन्मभर लोकांची घरं आखलेल्या माणसाला स्वतःच्या घरात काही करायचं म्हटलं की कंटाळा यायचा.

गॅलरीतून काका आत आले तेव्हा चहाबरोबर बिस्किटं होती. न मागता! काका सावध झाले.

"अहो," काकू म्हणाल्या, "पिस्ता रंग कसा वाटतो हो तुम्हाला?"

काकांना ठसका लागला. "कसला पिस्ता? कुठला पिस्ता?"

"काही नाही, सहज. मी काही विचारलं नाही आणि तुम्ही काही सांगितलं नाही."

"अगं, पण सांगण्यासारखं काही असेल तर ना!"

"तेच म्हणतेय मी," असं म्हणून काकूंनी आणखी दोन बिस्किटं बशीत ठेवली. हिला काही म्हणजे काही कळलेलं नाही, अशी काकांची खात्री पटली.

त्या भरवशावर त्यांनी दुसऱ्या दिवशी गॅलरीतून सुताराला फोन लावला. "खिडकीत बसायला कट्टा, चार फुटी. स्वयंपाकघरात तीन फडताळं, आणि दारं नीट बंद झाली पाहिजेत, सुतळीची भानगड नको. आणि हो, घसरगुंडी. स्वयंपाकघरातच. पाच फुटी पुरे."

घसरगुंडी ही नातीची खास मागणी होती.

त्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून काका खुशीत घरी आले, दार उघडलं आणि आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो असं वाटून पुन्हा बाहेर जाऊन पाटी वाचून आले. हॉलमध्ये काही नव्हतं. सोफा नाही, पडदे नाहीत, टीपॉय नाही. भिंतीवर एकटा उंट होता आणि उलट्या घातलेल्या बादलीवर बसून काकू चहा पीत होत्या.

"सोफा कुठे गेला?"

"शिलाईवालीला दिला. नव्या पिस्त्यावर तो तपकिरी शोभला असता का, तुम्हीच सांगा."

सगळा घोटाळा एका क्षणात त्यांच्या ध्यानात आला. बारा बाय दहा! हॉल तोच, मापं तीच, फक्त बारा पट मोठी.

"अगं, ऐक, ते पिस्त्याचं जरा..."

"काही बोलू नका. तुमची कुजबुज सगळ्या बिल्डिंगने ऐकलीय. शिलाईवाली तर अभिनंदन करून गेली." काकूंचा आवाज जड झाला. "चांदण्यांचं ऐकलं ना, तेव्हा मी रडले हो. फडताळाची दारं नीट बंद होणार म्हटल्यावर तर हुंदकाच आला."

काकूंचे डोळे खरंच लाल होते. काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं, त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. अकरा वर्षांनी ही बाई घरात अशी खुशीत बसली होती, आणि तिला सांगायचं, की हे सगळं चार इंची बाहुल्यांसाठी आहे? काका धीट नव्हतेच, पण इतके दुष्टही नव्हते.

"आवडलं ना?" ते पडेल आवाजात म्हणाले.

"खूप. फक्त ती स्वयंपाकघरात घसरगुंडी कशाला, ते नाही हो कळलं."

काकांनी डोकं खाजवलं. "ती... ती डब्यांसाठी. वरच्या फळीवरून डबा सोडला की खाली ओट्यावर. तुला स्टुलावर चढायला नको."

काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काय डोकं आहे हो तुमचं!" त्या म्हणाल्या आणि घाईघाईने गॅसवरचं बघायला आत गेल्या. गॅसवर काही नव्हतं, हे काकांच्या लक्षात आलं नाही.

सकाळी काका कारखान्यात धापा टाकत पोचले. पेंटर डोळ्याला भिंग लावून, पापणीएवढ्या ब्रशने बाहुलीच्या बेडरूमला रंग देत होता.

"काका, दुसरा हात झाला! बघा, एक डाग नाही."

"ते ठेव बाजूला. हेच आता बारा पट मोठं करायचंय."

पेंटरने भिंग काढलं. "म्हणजे बारा बाहुलीघरं?"

"नाही रे बाबा! माझं घर! सुतार, तूही ऐक. आजपासून फूट म्हणजे फूट."

"मग इतके दिवस फूट म्हणजे काय होतं?" सुताराने मुद्दाम विचारलं.

"इंच."

"आणि इंच म्हणाला असतात तर?"

"वाद घालू नकोस. नातीचा वाढदिवस दहा दिवसांवर आलाय. त्याच्या आत घर उभं राहिलं पाहिजे. आणि बायकोसमोर बाहुली हा शब्द काढायचा नाही, समजलं?"

पुढचे नऊ दिवस काकांनी जे भोगलं ते वैऱ्यावरही येऊ नये. उंट खरवडून काढताना भिंतीचा निम्मा गिलावा पेंटरच्या अंगावर आला. बेडरूमच्या छतावर चांदण्या काढता काढता त्याची मान अशी आखडली, की चहाचा कप समोर धरला तरी तो वर बघूनच "ठेवा" म्हणायचा. खाली काका शिडी धरून मोजत असत. शंभराच्या पुढे कुठेतरी गाडी चुकली आणि काकूंनी दारातून सांगितलं, "एकशे वीस म्हणाला होतात हं. एकही कमी नको." पेंटर पुन्हा पहिल्या चांदणीपासून मोजायला लागला.

घसरगुंडीची चाचणी काकूंनी स्वतः घेतली. पिठाचा मोठा डबा त्यांनी वरून अलगद सोडला. तो सुसाट आला, ओट्यावर न थांबता पुढे गेला आणि थेट काकांच्या पायाच्या अंगठ्यावर उतरला. काका एका पायावर हॉलभर नाचले.

"मस्त चालते हो!" काकू म्हणाल्या. "दुसरा डबा सोडू का?"

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी घर लख्ख झालं. आता एकच धोका उरला होता. बाहुलीघर काकूंच्या नजरेला पडलं, की सगळं उघडं पडणार होतं. म्हणून ते परस्पर मुलीकडे पोचवायचं काकांनी ठरवलं. तेवढ्यात मुलीचाच फोन आला. "बाबा, वाढदिवस तुमच्याकडेच करू या ना! घर एवढं सुंदर झालंय म्हणे. आई म्हणाली, तुमची भेटपण तिकडेच आणा."

काकांनी भिंतीचा आधार घेतला आणि पिस्ता हाताला लागला.

वाढदिवसाला हॉलच्या मधोमध चादरीखाली झाकलेलं बाहुलीघर होतं आणि चादरीहूनही पांढरे पडलेले काका शेजारी उभे होते. नातीने चादर ओढली. पिस्ता भिंती, खिडकीत कट्टा, तीन फडताळं, स्वयंपाकघरात घसरगुंडी आणि छतावर चांदण्या. सगळ्यांनी बाहुलीघराकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं, मग काकांकडे.

"आजी!" नात ओरडली. "तुझ्या घराने माझ्या घराची कॉपी केलीय!"

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काकू मात्र केकचे तुकडे वाढत राहिल्या.

पाहुणे गेले. नात हॉलमध्ये बाहुल्यांना घसरगुंडीवरून ढकलत होती. काका लंगडत स्वयंपाकघरात आले. काकू कप विसळत होत्या.

"अगं, मला तुला एक सांगायचंय. मी फोनवर ते जे बोलत होतो ना..."

"ते बाहुलीघराचं होतं. माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या फोनपासून. नकाशेवाल्याच्या घरात चाळीस वर्षं काढलीत मी. तुमचा फूट केवढा असतो, ते मला कळत नाही?"

काका फडताळाला टेकले. दार नीट बंद असल्यामुळे पडले नाहीत. "मग बोलली का नाहीस?"

"अकरा वर्षं बोलतच होते की. सरळ सांगून उपयोग झाला नाही, म्हणून यंदा गैरसमज करून घेतला."

"आणि सोफा?"

"तो मला कधीच आवडला नव्हता."

"आणि घसरगुंडी? तीसुद्धा करायला लावलीस मला!"

"तुम्ही काय थाप मारता, ते बघायचं होतं हो. मी आत येऊन पोट धरधरून हसले. मग वाटलं, एवढी छान थाप वाया कशाला घालवायची?"

काकांनी फडताळाचं दार उघडून पुन्हा नीट बंद केलं. मग हळूच म्हणाले, म्हणजे त्यांच्या परीने हळूच, "आणि ते रडलीस म्हणालीस, ते?"

काकूंनी नळ बंद केला. "ते खरं होतं. बाहुल्यांना चांदण्या आणि मला ओल. रडू नको तर काय करू?"

काकांनी मान खाली घातली. "चुकलंच माझं," ते म्हणाले. खालच्या मजल्यावर शिलाईवालीचं मशीन थांबलं.

"असू दे." काकूंनी त्यांच्या हातात पुसायला कप दिला. "पण मी आत्ता नीट निरखून पाहिलं. त्या बाहुलीघरात बाथरूमच नाही. म्हणून आपलंही तसंच राहिलं."

"बाहुल्यांना काय करायचंय बाथरूम?"

"नातीने सांगितलंय, हवंय. फरशा निळ्या आणि नळ न गळणारा. उद्या सकाळी सुताराला फोन लावा गॅलरीतून." काकूंनी दुसरा कप पुढे केला. "आणि जरा मोठ्याने कुजबुजा हं. मी इथे असेन, नळ चालू असतो."