चन्नप्पा काकांच्या घरची पाहुणी

चन्नप्पा काका घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. त्याच्या हातात एक कडक भाकरी ठेवतात आणि म्हणतात, "मोडा." आमची सोलापूरची कडक भाकरी ताटाएवढी गोल, पापडासारखी पातळ आणि कितीही दिवस टिकणारी. दोन्ही हातांनी जपून मोडणारा माणूस काकांच्या मते हिशेबी. गुडघ्यावर मोडणारा तापट. आणि एका बुक्कीत चुरा करणारा पोरगी द्यायच्या लायकीचा. मी शेजारी राहायला आलो तेव्हा माझी परीक्षा झाली. निम्मी भाकरी काकांच्या धोतरावर उडाली. "मास्तर हायसा न्हवं?" ते म्हणाले. मी खरोखरच इंग्रजीचा मास्तर होतो.

भवानी पेठेत काकांचं शेंगाचटणीचं दुकान आहे. मूलबाळ नाही. घरात काका, गुरव्वा काकू आणि काकांचा अभिमान, एवढीच माणसं. सोलापूरचं ऊन, सोलापूरची चादर, आपली चटणी, सगळ्यांचा सारखाच अभिमान. न पटणाऱ्या गोष्टीवर त्यांचा एकच निकाल असतो: "हे भवानी पेठेत चालत न्हाय!" एकदा चटणी फार तिखट आहे म्हणणाऱ्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला त्यांनी हेच ऐकवलं आणि दिलेला पुडा काढून घेतला.

अशा माणसाच्या घरी जर्मनीहून एक मुलगी वर्षभर राहायला आली. लेना तिचं नाव. गावातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत ती बिनपगारी काम करणार होती आणि तिला पाठवणाऱ्या संस्थेला तिच्यासाठी एक कुटुंब हवं होतं. संस्थेच्या मॅडम पेठेत विचारत फिरल्या तेव्हा काका दुकानातूनच ओरडले, "आमच्याकडं ठिवा की! हॉटेलात कशाला?"

लेना आली. काकांनी भाकरी पुढे केली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, मान झुकवली, आभार मानले आणि खोलीत जाऊन पलंगावरच्या कोनाड्यात उभी करून ठेवली. तिला वाटलं, ही स्वागताची भेटवस्तू. काका हबकले. इतक्या वर्षांत भाकरी न मोडणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी निकाल जाहीर केला, "अन्नाला मान देणारी पोरगी हाय. आपल्याकडचीच दिसती." दुपारपर्यंत हे सगळ्या पेठेला ठाऊक झालं होतं, आणि ती 'लेनव्वा' झाली होती.

तिची बडदास्त काय सांगावी! बाहेरच्या खोलीत पाट, पाटाभोवती रांगोळी, ताटात आमटी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, दह्याची वाटी. तिनं ताट उचलायला हात लावला की काका धावत जाऊन ते हिसकावून घेत. "पावन्यानं ताट उचलायचं? आमी काय मेलो?" ती जेवायची तेव्हा काका वाढायला उभे, काकू दारात उभ्या, आणि दुभाष्या म्हणून मी कोपऱ्यात उभा. तिनं हात आडवा धरला तरी काका त्याच्या बाजूनं भाजी घालत. ती उठली की मग आत काकूंचं जेवण आणि सगळ्यात शेवटी काकांचं.

महिना व्हायच्या आत पोरगी सुकली. डोळे लाल दिसायला लागले. काकूंनी तिची दृष्ट काढली, काकांनी चटणीत तिखट कमी केलं. त्यांनी चटणीत तिखट कमी केलं, याचा अर्थ आमच्या पेठेला कळतो. तरी उपयोग होईना.

मग एका रविवारी मॅडम आल्या. लेनाची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, "काका, तिला आम्ही दुसरीकडे हलवतोय."

"का म्हनून?" काकांचा आवाज चढला. "काय कमी केलं आमी? हे भवानी पेठेत चालत न्हाय!"

मी लेनाला विचारलं. ती एकदम बोलली आणि रडायलाच लागली. मी मराठीत सांगितलं, "काका, ती म्हणते, तुम्ही फार चांगले आहात. पण तुमच्यापैकी कुणी तिच्याबरोबर जेवत नाही. तिला एकटीला बाहेर बसवता, तिचं झालं की आत बसून जेवता. आतून तुमचं हसणं तिला ऐकू येतं. तिला वाटतं, आपण परके म्हणून पंगतीला चालत नाही."

मला वाटलं, आता काका भडकणार. मानानं पहिलं वाढलं आणि त्याचा हा अर्थ! पण ते मटकन पाटावर बसले. चेहरा पार उतरला. ते उठून मागच्या अंगणात गेले.

काकूच हळू आवाजात बोलल्या, "ल्हान असताना आई-बाप गेले त्यांचे. वैरागला नातेवाइकाच्या घरी वाढले. घरातली समदी जेवून उठायची, मग ह्यांना बोलवायची. उरलं तर. आत पंगत चालायची आन् हे पायरीवर बसून ऐकत ऱ्हायचे. लगीन झाल्या झाल्या मला म्हनले, आपल्या घरात शेवटी जेवनारा मीच. दुसऱ्या कुनाला बसू द्यायचं न्हाय. मलाबी आधी जेवाय लावत्यात. लोकं हसायची, पर ह्यांनी कधी मोडलं न्हाय."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि मला हे माहीत नव्हतं. बायकोला आधी जेवू घालणारा नवरा म्हणून पेठेनं त्यांची टिंगल केली, तीही मी ऐकली होती. त्या क्षणी मला या माणसाचा शेजारी असल्याचा जो अभिमान वाटला, तो काय सांगू! मी सगळं लेनाला इंग्रजीत सांगितलं.

काका तोंड धुऊन आले. मॅडमना म्हणाले, "बॅग न्या. पर आदी समदी जेवून घ्या. हितं, एका वळीत."

पाच ताटं मांडली. काका सवयीनं भाजीचं पातेलं उचलायला गेले, तर लेनानं ते आधीच उचललं होतं. तिनं त्यांना हात धरून पहिल्या ताटावर बसवलं. काकांनी हिसकावून घेतलं नाही. तिनं आमटी वाढली, भाजी वाढली, थांबून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी हात आडवा धरला नाही. तिनं आणखी वाढलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा वाढलं. आमटी ताटभर पसरली, भाजीचा डोंगर झाला, तरी काका ताटाकडे बघत बसलेले.

"अवं, बास म्हना की!" काकू म्हणाल्या.

काकांनी मान वर केली नाही. "कसं म्हनू?" ते म्हणाले. "वाढू दे तिला."

मॅडम जेवल्या, हात धुतले, आणि दाराशी ठेवलेली बॅग स्वतःच उचलून लेनाच्या खोलीत ठेवून आल्या.