‘ठसका’ कसा बंद पडला

मुलांनो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो, पण जो हजर होता त्याच्या शेजारच्या पाटावर मी एकदा जेवायला बसलो होतो. तो थापाड्या म्हणून प्रसिद्ध होता हे मान्य. पण जेवताना कोणी खोटं बोलत नाही, घास अडकतो. त्याला अडकला होता, ते सोडून द्या.

तर एका जंगलात (नाव विचारू नका, ते राजागणिक बदलतं) काळीभोर माती होती आणि हत्ती लपतील एवढी सूर्यफुलं होती. हत्ती नव्हते, म्हणून कोणी लपलं नाही. राज्य अस्वलमहाराजांचं. तिथे भूर्जाच्या सालीवर छापलेलं एक विनोदी साप्ताहिक निघायचं. नाव ‘ठसका’.

त्याचा पहिला संपादक रानकोंबडा. त्याने महाराजांच्या पोटावर एक विनोद छापला. महाराज गडाबडा लोळून हसले. मानाने त्याला जेवायला बोलावलं. जेवण उत्तम झालं. रानकोंबडाही उत्तम झाला होता. ‘ठसका’ बंद पडला.

मग बरीच वर्षं जंगलात कोणी हसलं नाही. हसू आलंच तर शिंकल्यासारखं करायचे. शेवटी शेजारच्या जंगलाचा वकील भेटीला आला आणि जाताना म्हणाला, की तुमच्याकडे सर्दी फार दिसते. महाराज ओशाळले.

लगेच हुकूम सुटला. हसा, पण शिस्तीत. ‘ठसका’ पुन्हा सुरू झाला आणि संपादक म्हणून ओस्ताप साळिंदराची नेमणूक झाली. त्यांची लायकी काय? तर गिळायला अवघड. ओस्तापरावांना हे ठाऊक होतं, तरी ते घाबरून असायचे. कारण महाराज चिवट होते, आणि महाराजांचा आचारी त्यांच्याहून चिवट.

ओस्तापरावांच्या डोक्यावर हास्यमंत्री म्हणून गवा बसवला. गव्याला विनोद कळत नसे. म्हणून तर त्याला मंत्री केला. कळणाऱ्याच्या हातून एखादा निसटतो. गवा प्रत्येक चित्रावर खूर ठेवून विचारायचा, “इथे का हसायचं?” ओस्तापराव समजावून सांगायचे. समजावून सांगितलेल्या विनोदाचा जीव जातो. तो पुरता गेला अशी खात्री पटली, की गवा शिक्का मारायचा.

शिक्का नाही, तर अंक नाही. अंक नाही, तर संपादक महाराजांकडे जेवायला.

आता हसायचं कोणाला, हा प्रश्न होता. लांडगा सेनापती. रानडुक्कर खजिनदाराचा मेहुणा. सशाची आत्या राणीसाहेबांच्या पाठीला तेल लावायची. घुबडाचं दरबारात कोणी नव्हतं, पण ते संध्याकाळचं कोणाकोणाकडे जाऊन बसतं हे खात्रीने सांगता येत नव्हतं. शोधता शोधता सापडला पानस बेडूक, पाटाच्या पाण्याचा मुकादम. भावंडं हजारोंनी, पण दरबारात एकही नाही.

ओस्तापरावांनी चित्र काढलं. पाट तुंबलाय आणि मुकादम पाटात घोरतोय. जंगल हसून हसून आडवं झालं.

त्या जंगलात महाराजांचा एक नियम होता. ज्याच्यावर टीका होईल, त्याने पुढच्या अंकात उत्तर द्यायचं, आणि उत्तर ठरलेलं: ‘टीका योग्य आहे. दुरुस्ती केली.’ दुरुस्ती न करता असं लिहिलं, तर जेवायला जावं लागायचं. पानसाने लाजेकाजेस्तव पाट उपसला. पाणी खळखळून वाहिलं.

इथून पुढे गंमत सुरू झाली. ‘ठसक्या’त आलेलं दुरुस्त होतं, हे जंगलाच्या ध्यानात आलं. पण ‘ठसक्या’त येणार फक्त बेडूक. मग पूल मोडला, की ओस्तापराव पुलाखाली बेडूक काढायचे. शाळा गळली, की कौलांवर बेडूक. लांडग्यांच्या बुटांचे तळ निघाले, बुटात बेडूक. मध कमी भरला, बेडूक मिशा चाटतोय. बेडकाला मिशा नसतात, मुलांनो, पण शिक्का मारलेल्या मिशांना नाही कसं म्हणायचं?

पानस प्रत्येक टीका योग्य मानायचा आणि भावंडं घेऊन कामाला लागायचा. त्यांनी पूल बांधले, कौलं चाळली, बूट शिवले. राज्य झकास चाललं होतं. अंकाचा खप एवढा वाढला, की जंगलातली भूर्जाची झाडं उघडी पडली आणि लाजून पानांनी अंग झाकायला लागली.

आणि एका दुपारी पानस ओस्तापरावांच्या बिळात आला. ओस्तापरावांनी बीटाचं लालभडक सार पुढे ठेवलं. त्याने वाटीला हात लावला नाही.

“ओस्तापराव, आमच्या ओरिस्याचं जमलंय,” तो म्हणाला.

ओरिस्या त्याची धाकटी लेक. त्या जंगलात मुलीला स्थळ नापसंत असेल, तर ती बोलत नाही. ती मुलाच्या हातात भोपळा आणून देते. ओरिस्याला बघायला मुलं यायची, पानसाकडे नजर गेली की त्यांचे गाल फुगायचे, डोळ्यांत पाणी यायचं. ओरिस्या मुकाट्याने आत जायची आणि भोपळा घेऊन बाहेर यायची. असं करता करता भोपळ्यांचा मळा संपला होता. मग पलीकडच्या दलदलीतून मिकिता नावाचा मुलगा आला. त्याने पानसाकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि पाणी मागितलं. हसला नाही. कारण त्याला वाचता येत नव्हतं.

“एरवी माझं काही म्हणणं नाही. तुम्ही काढा, मी निस्तरतो,” पानस म्हणाला. “पण लग्नाच्या आठवड्यातला एक अंक मला वगळा. मुलगा ठीक आहे हो, पण वऱ्हाड साक्षर आहे.”

ओस्तापरावांनी शब्द दिला. पानसाने सार प्यायलं. तो गेल्यावर आपण काय केलं ते ओस्तापरावांच्या लक्षात आलं आणि पाठीवरचा एकूणएक काटा उभा राहिला.

त्यांनी ढगाचं चित्र काढलं. गवा म्हणाला, आकाश महाराजांचं आहे. त्यांनी दगड काढला. गवा म्हणाला, सिंहासन याच खाणीतलं. त्यांनी नुसती एक रेघ काढली. ती वाकडी आहे आणि महाराणींच्या कमरेकडे निर्देश करते, असं गव्याचं मत पडलं. चित्र आण, नाहीतर महाराजांना कळवतो, असं बजावून तो अंघोळीला निघून गेला.

ओस्तापराव जड पावलांनी ओढ्यावर आले. बघतात तो काय, पाट जिथे ओढ्यातून फुटतो त्या अरुंद तोंडात गवा फतकल मारून बसलेला. रोज तो तिथेच बसायचा. वरच्या अंगाला पाणी त्याच्या कानापर्यंत चढलेलं, खालच्या अंगाला पाट कोरडा ठणठणीत.

“बघ,” गवा म्हणाला, “पुन्हा पाणी अडलं. काय करतो तुझा बेडूक?”

ओस्तापराव धावत बिळात गेले. पाठीचा एक काटा उपटला, काजळात बुडवला आणि जे दिसलं ते काढलं. चित्रात एक भलंमोठं जनावर पाटात बसलंय आणि पाण्याला दटावून विचारतंय, ‘का रे, वाहत का नाहीस?’

सकाळी गव्याने चित्रावर खूर ठेवला.

“हा बेडूक एवढा मोठा कसा?”

“सुजलाय, साहेब.”

“आणि शिंगं?”

“फारच सुजलाय.”

“इथे का हसायचं?”

पाणी ज्याने अडवलं, तोच चौकशी करतोय, असं ओस्तापरावांनी समजावलं.

“यात हसण्यासारखं काही नाही,” गवा म्हणाला. “चौकशी तर केलीच पाहिजे.” आणि त्याने शिक्का मारला.

लग्नाच्या दिवशी अंक निघाला. ससे बिळांत तोंड खुपसून हसले. घुबड चक्क दिवसाउजेडी हसलं. इकडे मांडवात भलताच प्रसंग. वरमाईने अंक उलटापालटा करून पाहिला आणि रुसून कोपऱ्यात जाऊन बसली. तिचं म्हणणं असं, की आम्ही सगळ्या दलदलीत सांगून बसलोय, आमचे व्याही दर आठवड्याला छापून येतात. सोयरीक केली ती काय बघून? आणि नेमके आजच नाहीत? आता परत जाऊन तोंड कसं दाखवायचं? पानस कधी वरमाईकडे बघे, कधी ओस्तापरावांकडे.

तेवढ्यात मांडवाचा खांब हलला. गवा आला होता. घरी त्याच्या बायकोने अंक पाहून, “अगंबाई, हे आमचे हे,” असं म्हटलं होतं. सगळे बेडूक टुणटुण पाण्यात पडले. मांडवात उरले ओस्तापराव, पानस आणि रुसलेली वरमाई.

“ओस्ताप,” गवा म्हणाला, “हे चित्र कोणाचं?”

ओस्तापरावांच्या डोळ्यांपुढे आचारी उभा राहिला. पानस त्यांच्या कानाशी लागला, “माझं म्हणून सांगा. सवय आहे मला.” वरमाई तर रुसवा टाकून पुढेच आली. म्हणाली, आमच्या व्याह्यांचंच, लांबूनही ओळखू येतात.

म्हणजे सगळ्यांचं भलं होत होतं. एक शब्द बोलायचा होता. पण त्याच वेळी मांडवाबाहेर आडोशाला उभी असलेली ओरिस्या त्यांना दिसली. वरमाई बापाला सुजलेलं जनावर म्हणत होती, आणि ओरिस्या मळ्यात एखादा भोपळा उरलाय का ते बघत होती.

“साहेब,” ओस्तापराव म्हणाले, “तुमचंच आहे.”

पाण्यातून कोणीतरी खुदकन हसलं. मग हजारो भावंडं हसली. शिंकल्यासारखं कोणी केलं नाही. मिकिताला कोणीतरी विनोद समजावून सांगितला, तोही हसला, आणि ओरिस्याने मळ्यावरून नजर काढून घेतली.

गव्याने शिंगं रोखली. पण नियम महाराजांचा होता. पुढच्या अंकात त्याला लिहावं लागलं, ‘टीका योग्य आहे. दुरुस्ती केली.’ आणि त्याआधी पाटातून उठावं लागलं. तो उठला तसा असा लोंढा आला, की उरलीसुरली पंगत पानांसकट वाहून गेली. बेडकांनी हा शुभशकुन मानला.

दरबारात मात्र रडारड झाली. आज गव्याला उठावं लागलं, उद्या आपल्यालाही आपापल्या जागेवरून उठावं लागेल, असं प्रत्येक मंत्री म्हणू लागला. लांडग्याचं मत, साळिंदराला जेवायला बोलवावं. महाराजांनी आचाऱ्याकडे पाहिलं. आचाऱ्याने घसा चोळला.

“मोकळीक द्या,” संध्याकाळचं येऊन बसलेलं घुबड म्हणालं. “कोणीही कोणालाही हसावं. शिक्का नको, मंत्री नको. फक्त तो उत्तराचा नियमही नको.”

दवंडी पिटली. जंगलाने जल्लोष केला. ओस्तापरावांना आनंदाने वेड लागायची पाळी आली. पुढच्या अंकावर त्यांनी थेट महाराजांना काढलं. पोट, झोप, मधाची चोरी, काही सोडलं नाही. अंक गुहेत पोचला. सगळं जंगल श्वास रोखून बाहेर उभं.

महाराजांनी अंक पाहिला. “छान आहे,” म्हणाले, आणि कूस वळवून झोपले.

पुढच्या आठवड्यात ओस्तापरावांनी त्याहून जहाल चित्र काढलं. “हेही छान आहे.” त्यापुढच्या आठवड्यात आणखी जहाल. जंगल म्हणालं, हं. मग तेही म्हणेनासं झालं. टीका योग्य असो की अयोग्य, दुरुस्ती कोणालाच करायची नव्हती. पूल मोडला तो मोडलेलाच राहिला. पानस नातवंडं खेळवत बसला. गवा पुन्हा पाटात जाऊन बसला. अंकांच्या न खपलेल्या चळती बिळाच्या तोंडाशी साचल्या आणि ओस्तापरावांना आत-बाहेर करणं जड जायला लागलं.

शेवटी ते ओढ्यावर गेले. गवा डोळे मिटून पडला होता.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “एखादी बंदी मिळेल का? लहानशी चालेल.”

गव्याने एक डोळा उघडला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

“आता तसं करता येत नाही रे, ओस्ताप,” तो म्हणाला. “मोकळीक आहे ना.” आणि तो पाण्यात आणखी थोडा खाली सरकला.

त्या आठवड्यात ‘ठसका’ निघाला नाही. तो कोणी बंद केला, हे विचारायलाही कोणी आलं नाही.

आता कबूल करतो, मुलांनो, यात एक गोष्ट मी पदरची घातली आहे. साळिंदर, बेडूक, भोपळे, सगळं खरं. पण महाराज “छान आहे” म्हणाले, ते खोटं. ते काहीच म्हणाले नाहीत. अंक गुहेच्या दारात पडला होता, आणि त्यांनी तो उचललाच नव्हता.

तात्पर्य : (तुमच्यातली जी मुलं मोठेपणी राजे होणार आहेत, फक्त त्यांच्यासाठी.) विनोदाचा गळा कधीही दाबू नये, तसा दाबला, तर तो मरत नाही. त्याला मोकळा सोडावा आणि आपण दुसरीकडे बघावं.