हात हलवा, दिवे लागतील

प्रदर्शनातले दिवे पहिल्यांदा गेले ते एक बाई "अगं बाई, काय सुंदर!" म्हणाल्या तेव्हा. बाई म्हणाल्या, बघत राहिल्या, बाकीचेही त्यांच्यासोबत बघत राहिले, आणि दालनात काळोख झाला.

फोटोग्राफर धावतच आला. वर्षभर पायपीट करून त्याने गावातल्या जुन्या दगडी इमारती आणि नव्या काचेच्या इमारती टिपल्या होत्या. प्रदर्शनही भरवलं होतं ते सगळ्यात नव्या, सगळ्यात काचेच्या इमारतीत.

"वायरिंग जळलं का हो?" त्याने व्यवस्थापकांना विचारलं.

"छे छे! आमचे दिवे हुशार आहेत," व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले. "हालचाल असेल तरच लागतात. सगळे स्तब्ध झाले की त्यांना वाटतं, माणसं घरी गेली."

"पण साहेब, फोटो बघायला माणूस उभाच राहणार ना?"

"ते बांधताना कोणाच्या लक्षात आलं नाही," असं म्हणून त्यांनी हात हलवला. दिवे लागले.

आली का पंचाईत! फोटो जितका चांगला, तितका अंधार लवकर. जुन्या पुलाच्या फोटोपुढे लोकांनी श्वास रोखला, गेले दिवे. नव्या वाचनालयाच्या गोल जिन्यापुढे तर अख्खं कुटुंब आ वासून उभं राहिलं आणि तसंच अंधारात बुडालं. कौतुकाने असा घात झालेला कलावंत विरळाच.

शेवटी त्याच्या बायकोने सूत्रं हातात घेतली आणि दालन झाडणाऱ्या मावशींना गाठलं. "मावशी, तुम्ही मधोमध उभ्या राहा आणि हात हलवत राहा. थांबायचं नाही."

मावशींना एवढी मोठी जबाबदारी जन्मात कोणी दिली नव्हती. त्यांनी असे काही हात हलवले, की येणाऱ्यांना वाटलं आपलं स्वागतच चाललंय. त्यांनीही हलवले. आतल्यांना वाटलं, इथे अशीच पद्धत असावी. बघता बघता सगळं दालन एक हात वर करून फोटो बघू लागलं.

नेमके तेव्हाच आप्पा आले.

आप्पा म्हणजे फोटोग्राफरचे वडील. जन्मभर टपाल वाटलेला माणूस, पायांना थांबणं ठाऊक नाही. मुलाने बँकेतली नोकरी सोडून कॅमेरा उचलला तेव्हा "भिंतीच बघायच्या तर आपल्या घरात काय कमी आहेत?" असं विचारून त्यांनी विषय मिटवला होता. आज बाकी कोणी बघो न बघो, आप्पांनी एका तरी फोटोसमोर थांबावं, एवढीच फोटोग्राफरची इच्छा होती.

"हे सगळे टाटा कोणाला करतायत?" आप्पांनी विचारलं.

"दिव्यांना, आप्पा."

"बरं," म्हणून आप्पा निघालेसुद्धा. पूल झाला, जिना झाला. "छान. छान. हेही छान." दारोदार पाकिटं टाकावीत तसे छान टाकत चालले. फोटोग्राफरचा चेहरा उतरत गेला.

तेवढ्यात चहा आला. मावशींचे खांदे भरून आले होते, त्या सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या. मागोमाग बाकीचेही.

"आप्पा, चहा घेताय ना?" सुनेने विचारलं.

"एवढा शेवटचा कोपरा उरकतो आणि आलो."

"उरकतो म्हणे!" बाहेर येऊन फोटोग्राफर धुसफुसला. "ऐकलंस ना?"

"अरे, त्यांची बोलायची रीतच तशी. चहा घे, गार होतोय."

बाहेर अंधारून आलं होतं. काचेतून दालन लख्ख दिसत होतं. दिवे लागलेले, म्हणजे आप्पा चालतच होते. त्या शेवटच्या कोपऱ्यात सगळ्यात मोठा फोटो होता. आप्पांचं जुनं दगडी टपाल कार्यालय, समोरच्या नव्या इमारतीच्या काचेत उतरलेलं. एवढा अवजड दगड, पण आभाळात तरंगतोय असं वाटायचं. फोटो काढला त्या पहाटे ते दृश्य बघता बघता बटण दाबायचं भानही फोटोग्राफरला बराच वेळ राहिलं नव्हतं.

दालनात काळोख झाला.

"गेले!" व्यवस्थापक कप ठेवून उठले. "मी जाऊन हात हलवतो. वयस्कर माणूस, अडखळायचे कुठेतरी."

फोटोग्राफरने त्यांचा दंड धरला. "नका जाऊ."

"अहो, आत मिट्ट अंधार आहे!"

"असू द्या हो," तो म्हणाला. मावशींनी सवयीने वर नेलेले हात हळूच खाली घेतले. चहाचे कप हातात धरून सगळे त्या अंधाराकडे बघत राहिले. अंधार काही हलेना.

बऱ्याच वेळाने आतून आप्पांचा आवाज आला, जरासा घाबरलेला.

"अरे, मी कशाला हात लावलेला नाही हं! मी आपला नुसता उभा होतो!"