प्रतापने आधी नाही म्हटलं

"हे बघ, आज तू फक्त बघायचंस. बोलेन मी," गाडीतून उतरतानाच दीपाने नवऱ्याला बजावलं होतं. प्रतापने ऐकलं असतं तर कशाला हवं होतं!

ओहायोतल्या डब्लिन गावातल्या त्यांच्या घरात चौदा पायऱ्या होत्या आणि दीपाचे गुडघे आता एकेक पायरी मोजत होते. तीन वर्षं ती बैठं घर शोधत होती आणि दर वेळी दुसराच कोणीतरी ते पटकावत होता. शेजारच्या कोलंबस शहरातल्या एका जुन्या वस्तीतली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची बैठी घरं वर्षातून एक दिवस लोकांना आतून बघू देतात, म्हणून दोघं आली होती.

शेवटचं घर मार्थाआजींचं. ठेंगणं छप्पर, मागे अख्खी काचेची भिंत, पलीकडे मेपलचं झाड. पायरी औषधालाही नाही. दीपा काचेपाशी खिळलीच.

"हेच रे," ती पुटपुटली.

दोघांनी दारात बूट काढलेले पाहून आजी खूश झाल्या. "कॉफी घेणार?"

"नो, नो," प्रताप म्हणाला. कॉफी गेली.

"कुकी तरी?"

"छे छे, आत्ताच खाऊन आलो." कुकीही गेली. खरं तर सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"मी पुढच्या महिन्यात लेकीकडे चाललेय," आजी म्हणाल्या. "एजंटची कटकट नको. घर जपणारी माणसं हवीत मला. तुम्ही घेता का?"

दीपाने तोंड उघडलं, पण प्रतापचे संस्कार आधी धावले. "नो, नो! आमच्यासाठी कशाला उगाच त्रास!"

आता काय म्हणावं या माणसाला! साताऱ्यात दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला लाजत हो म्हणायचं, हे ठीक. ओहायोत आग्रह करतो कोण?

"थांब गं, परत विचारतील," तो कुजबुजला. कसलं परत! आजी मागच्या तरुण जोडप्याकडे वळल्या. "तुम्हाला हवंय?"

"येस!" दोघं एकदमच ओरडली.

"ॲक्च्युअली, आम्हालाही..." प्रताप चाचरला.

"अरेरे, आता शब्द दिला मी. तुम्ही नको म्हणालात ना?"

प्रतापला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीपाचे डोळे भरून आले. ते पाहून त्या जोडप्यातली मुलगी ओशाळली. "आम्ही राहायला आलो की या हं कधीतरी जेवायला."

प्रताप सवयीने नाही म्हणणार, इतक्यात दीपाने फोन काढला. "नक्की येऊ. ऑगस्टचा पहिला शनिवार? सहा वाजता?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मेपलकडे. "शुअर," तो कसाबसा म्हणाला.

"अगं, इथे असं नुसतं म्हणायची पद्धत असते," गाडीत प्रताप हळूच म्हणाला.

"माहितीय मला," दीपा म्हणाली. "पण त्या काचेपाशी मला एकदा तरी बसायचंय."