गच्चीची चावी आणि आभाळातला फिकट ढग

दिघीच्या रंगरावांनी एका शुक्रवारी ठरवलं, की आता दुसऱ्यांनी काढलेले आभाळाचे फोटो फॉरवर्ड करायचे नाहीत; स्वतः काढायचे. माणसानं तंबाखू सोडायचं ठरवावं, फार तर उपवास धरावा. हे कसलं ठरवणं! पण चाकणच्या कंपनीत एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे बंपर तपासून माणूस विटतो. जगात एक तरी वस्तू अशी हवी, जिच्याखाली आपलं नाव असेल. (रेशनकार्डावर होतं, पण तेही चुकीचं.)

त्यांनी निवडला कृत्तिकांजवळचा एक तेजोमेघ. म्हणजे आभाळात लांबवर पसरलेला वायूचा ढग. आणि तो इतका फिकट, की त्याच्यापुढे कंपनीच्या कँटीनचा चहासुद्धा कडक म्हणावा. दोन-दोन मिनिटांचे शेकडो फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठं तो नव्या नवरीसारखा जरासा लालसर होतो.

"जो दिसतच नाही, त्याचा फोटो कशाला?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"दिसत नाही म्हणूनच!"

"दिवाळीपासून तुम्ही पण मला दिसला नाहीत. तुमचा काढू का एखादा?"

सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस साडेबाराला दिघीत सोडायची. चार घास गिळून, मफलर गुंडाळून रंगराव गच्चीवर. पहिल्या रात्री रस्त्यावरच्या दिव्यांनी सगळं आभाळ ताकासारखं पांढरं आलं. दुसऱ्या रात्री कुणा भाऊंचा वाढदिवस दोनपर्यंत आभाळात उडत राहिला. तिसऱ्या रात्री लेन्सवर दव. चौथ्या रात्री सगळं जमलं, आणि पहाटे तीनला टाकीतलं पाणी बघायला छबूबाई धपाधपा वर आल्या. गच्ची हलली, कॅमेरा हलला, ताऱ्यांच्या शेवया झाल्या.

छबूबाईंनी खाली जाऊन नवऱ्याला उठवलं. नवरा म्हणजे अर्जुनराव. जमिनीचे मूळ मालक, बिल्डिंगचे चेअरमन आणि गच्चीच्या चावीचे धनी.

"रंगराव, रातभर वर काय करता राव? पलीकडं मिलिट्रीची जागा हाय. उद्या जीप दारात आली, तर मी काय सांगू?"

"तेजोमेघाचा फोटो काढतोय. त्याचा उजेड इथं पोचायलाच हजार वर्षं लागतात, अर्जुनराव."

"त्येला लागू द्या. तुमाला रविवारपातूर येळ. मीटिंगमधी फोटो दावा, न्हाईतर चावी जमा."

उरल्या तीन रात्री. रंगराव गच्चीवर जागायचे आणि कंपनीत उभ्याउभ्या पेंगायचे. एका बंपरवरचा ओरखडा त्यांना धूमकेतू वाटला, आणि त्यांनी तो कौतुकानं पास केला.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटरनं बाकीचे सगळे बाद करून एकसष्ट फोटो एकावर एक रचले. पडद्यावर हळूच एक लालसर पट्टा उमटला. रंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. (निम्मं जागरणाचं, पण निम्मं खरं.)

रुक्मिणीबाई वाकून बघत राहिल्या. "तिखट सांडल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. मग आणखी जवळ येऊन म्हणाल्या, "पण आहे बाई काहीतरी."

अर्जुनरावांना मोबाइलवर धड दिसत नाही, म्हणून रंगरावांनी फोटो कासारवाडीच्या गणराजला धाडला. गणराज म्हणजे फ्लेक्सवाला. "सहा बाय चार कर. नाव खाली बारीक," एवढं सांगितलं आणि ते जे झोपले, ते रविवारी मीटिंगलाच उठले. (जन्मभर लोकांचा माल तपासणाऱ्यानं स्वतःचा तेवढा न बघता पास केला.)

गणराज फ्लेक्स घेऊन स्वतः आला. सगळ्यांसमोर गुंडाळी उलगडली. निळंशार आभाळ, चकचकीत तारे, कोपऱ्यात पदरचा टाकलेला पौर्णिमेचा चंद्र, आणि मधोमध गॉगल घातलेले, हात जोडलेले रंगराव.

"गणराज," रंगराव फ्लेक्सवर बोट फिरवत म्हणाले, "मधला लाल ढग कुठंय?"

"तो डाग होय काका? अख्खा घालवला! दीड तास पुसत बसलो. त्याचे वेगळे नाही लावले."

"ह्येला म्हणायचा फोटो!" अर्जुनराव ओरडले. "वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. खरं सांगून टाकावं म्हणून रंगरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात अर्जुनरावांच्या बोटात लटकलेली चावी दिसली. तोंड मिटलं. रुक्मिणीबाईंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. रडायला की हसायला, ते विचारायची रंगरावांची छाती नव्हती.

"घ्या, चावी कायमची तुमची," अर्जुनराव म्हणाले. "ह्यो फोटो गच्चीच्या कठड्यालाच लावू, पार रस्त्यावरनं दिसला पायजे. त्याच्यावर मारायला दोन मोठे हॅलोजन आणल्यात मी. रोज सांजच्याला लावायचे, उजाडल्यावर बंद करायचे. म्हणून तर चावी देतोय तुमाला."