भूपतभाईंचा मुतखडा

राजकोटमध्ये दुपारी एक ते चार कुणी कुणाचं तोंड बघत नाही. दुकानं बंद, फोन बंद, माणसं आडवी. त्यामुळे चांदीच्या पैंजणांचे व्यापारी भूपतभाई वेकरिया यांनी डॉक्टर संघाणींकडे जायला नेमकी दुपारी दोनची वेळ निवडली, यात त्यांची काही चूक म्हणता येणार नाही.

आठ महिने झाले, भूपतभाईंना नवरेपण जमत नव्हतं. बायकोशी, मुक्ताबेनशी, त्यावर चकार शब्द न काढता ते रोज भिंतीकडे तोंड करून झोपत होते. अशात पेपरमध्ये संघाणींची जाहिरात आली. पुरुषांच्या ताठरतेच्या तक्रारीवर शॉकवेव्हचे, म्हणजे ध्वनिलहरींच्या धक्क्यांचे उपचार. गोळी नाही, चीरफाड नाही. आपल्यासाठी हे बरं की नाही, एवढंच विचारून परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार ढकललं, तर आत चांदी बाजारातले सहा जण ओळीने बसलेले.

"अरे भूपतभाई! तू इकडे कुठे?" त्यातल्या विनुभाईंनी घाईघाईने विचारलं. आधी विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही, हे विनुभाईंना धंद्यामुळे ठाऊक होतं.

"मुतखडा," भूपतभाईंच्या तोंडून निघालं. "शॉक देऊन फोडतात ना तो."

"हो हो, फोडतात की!" सहाही जण एका सुरात म्हणाले आणि छताकडे बघत बसले.

आत डॉक्टर संघाणींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रक्तातली साखर शेवटची कधी तपासली?"

"साखरेचं सोडा, साहेब. शॉक घेऊ की नको, तेवढं सांगा."

"तेच सांगतोय. रक्तपुरवठा कमी पडत असेल, तर काहींना या शॉकने फरक पडतो, काहींना अजिबात नाही. खात्री मी देणार नाही. साखर, रक्तदाब, मनावरचा ताण, मूळ दुखणं कशात आहे ते आधी बघू. खाली लॅब आहे. गुरुवारी रिपोर्ट घेऊन या."

म्हणजे 'हो' नाही आणि 'नाही' पण नाही. भूपतभाई चरफडत खाली उतरले आणि घरी येऊन आडवे झाले.

चार वाजले आणि राजकोट जागं झालं. सव्वाचारला मुक्ताबेन खोलीत आल्या त्या डोळ्याला पदर लावूनच.

"एवढा मोठा मुतखडा आणि मला सांगितलं नाहीत?"

"कोण म्हणालं?"

"विनुभाईंची बायको, जसू. विनुभाई म्हणे तुमच्या सोबतीला आले होते."

झालं होतं असं, की दुपारच्या झोपेतून नवरा उठून गेला कुठे, हे सहा घरांत सहा बायकांनी विचारलं होतं. सहाही जणांनी एकच उत्तर दिलं होतं, भूपतभाईंच्या सोबतीला. आता ज्याला धरून न्यायला सहा पुरुष लागतात, त्याचा खडा केवढा असेल, याचा अंदाज बाजाराने आपापल्या परीने केला. संध्याकाळपर्यंत तो लिंबाएवढा झाला होता.

आजाऱ्याची खबर काढायला गेलं नाही, तर तिथे ते जन्मभर लक्षात ठेवतात. रात्रीच्या जेवणाआधीच घर भरलं. कुणी कुळथाचं पाणी आणलं, कुणी पानफुटीची पानं. भूपतभाईंचे सकाळचे गाठिये बंद झाले, सेव-टमाट्याची भाजी बंद झाली. जामनगरहून थोरली बहीण कांताबेन आली आणि भावाला उशीवरून डोकं उचलू देईना.

"शॉकबीक काही नको. कापून काढा एकदाचं!" कांताबेन म्हणाली.

भूपतभाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. "कापायचं नाही!" ते ओरडले.

खबर काढायला आलेले ते सहाही जण जोरजोरात मान हलवायला लागले. "कापायचं तर नावच काढू नका, मोठी बहेन!"

बायका स्वयंपाकघरात गेल्या तसे सहाही जण पलंगाजवळ सरकले.

"काय ठरवलंस? घेणार का शॉक?" विनुभाई कुजबुजले.

"तुम्हाला काय म्हणाले डॉक्टर?"

"आम्ही आत गेलोच नाही. म्हटलं, आधी तुझं बघू. तू घे, गुण आला की सांग."

"मी का म्हणून आधी?"

"आता खडा तुझाच आहे ना," विनुभाई निर्लज्जपणे म्हणाले.

भूपतभाईंच्या मनात आलं, त्या कुळथाच्या तांब्याने याला इथेच हाणावं. स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घ्यायला गेलेला माणूस, आणि इथे त्याच्यावर अख्ख्या बाजाराची सभा भरली होती!

तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबेन कुळथाचा सातवा पेला घेऊन आल्या. रात्रभर रडल्याने त्यांचे डोळे सुजले होते. ते बघून भूपतभाईंचा संताप ओसरला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"मुक्ता, मुतखडा नाहीये," ते म्हणाले. मग मान खाली घालून होतं ते सगळं त्यांनी सांगून टाकलं.



"आठ महिने," मुक्ताबेन म्हणाल्या, "आठ महिने मी आरशासमोर उभी राहून बघतेय, माझ्यात काय वाईट झालं म्हणून. हे मेलं आधी सांगता आलं नाही तुम्हाला?"

"लाज वाटली."

"आणि मला काय वाटत असेल?" असं म्हणून त्यांनी कुळथाचं पाणी मोरीत ओतलं आणि चप्पल घातली. "चला, लॅबमध्ये. रक्त देऊन येऊ."

गुरुवारी दुपारी दोघं मिळून डॉक्टरांपुढे बसली. साखर चांगलीच वाढलेली निघाली.

"शॉकचा विचार आज नको," डॉक्टर म्हणाले. "आधी साखर खाली आणू. औषध, चालणं, झोप. तीन महिन्यांनी पुन्हा बोलू. गरजच पडली, तर तेव्हा."

ती दोघं बाहेर आली, तर बाकावर तेच सहा जण बसलेले. मुक्ताबेनना बघून सहाही जण उठून उभे राहिले.

"काय झालं भाभी, शॉक द्यायचा ठरला?" विनुभाईंनी विचारलं.

"नाही. साखर वाढली आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग बाकीचं."

सहाही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. विनुभाईंनी घसा खाकरला. मग आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "भाभी, या तपासणीला... उपाशीपोटी यायचं असतं का?"

मुक्ताबेननी विनुभाईंकडे पाहिलं. मग एकेक करत उरलेल्या पाचही जणांकडे पाहिलं. भूपतभाई जिन्याकडे बघत उभे होते.

"हो, उपाशीपोटी," मुक्ताबेन म्हणाल्या. "पण त्याआधी घरी जाऊन जसूला उठवा. ती काय समजून बसली असेल, ते मला माहीत आहे."