इंट्रॉन सर

आमच्या शेजारच्या सरांनी एकदा भर गल्लीत मला जंतू म्हटलं. मला राग आला नाही. त्यांनी विचारलं होतं, "जेवण झालं का?" आणि मी म्हटलं होतं, "व्हय." तेवढंच. सर म्हणाले, "बघा, जंतूसारखं बोलता तुम्ही! नुसतं कामाचं. मध्ये काही नाहीच."

सर इथं कळंबला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले तरी शिकवणं थांबलं नाही. वर्ग गेला, म्हणून गल्ली धरली. गल्लीनं त्यांचं नाव इंट्रॉन सर ठेवलं. ते नाव ते पदवीसारखं मिरवतात.

मी चौथी शिकलेली, घरी ब्लाउज शिवते. पण इंट्रॉन मला कळतो, कारण सरांनी तो माझ्याच मशीनवर शिकवला. एक लांब पट्टी उचलली आणि खडूनं तिच्यावर मध्ये मध्ये खुणा केल्या.

"शरीर कसं घडवायचं, त्याचे हुकूम पेशीत लिहिलेले असतात. असा एक हुकूम म्हणजे जीन. ही पट्टी म्हणजे जीन धरा. जंतूंची पट्टी बहुतेक सलग असते. आपल्या पट्टीत मध्येच असे तुकडे येतात, त्यांचा हुकमाशी संबंध नाही. ते इंट्रॉन. पेशी पट्टीची नक्कल काढते, नकलेतले हे तुकडे कापते आणि उरलेलं जोडते. हं, कापा! शिवा!"

मी कापलं, शिवलं.

"आता यातला एक कामाचा तुकडाही गाळून शिवा. बघा, एकाच हुकमातून दोन वस्तू! मध्ये इंट्रॉन आहेत म्हणून अशी जोडणी जमते. मधलं टाकू नका म्हणतो ते यासाठी."

ती पट्टी गिऱ्हाइकाच्या साडीचा काठ होती. मला लाजेनं सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनाच कळलं, तेव्हा ते स्वतः बाजारात जाऊन तसाच काठ शोधून घेऊन आले. यायला संध्याकाळ झाली, कारण दुकानदारालाही इंट्रॉन समजावून झाला होता.

काकू, म्हणजे सरांच्या बायको, आतून ओरडायच्या, "अहो, मुद्द्यावर या!" सर म्हणायचे, "मुद्द्यावर जंतू असतात."

काकूंचे भाऊ जळकोटहून दोन दिवसांसाठी आले आणि राहूनच गेले. सर त्यांच्या तोंडावर सांगायचे, "इंट्रॉन असेच आले असं मानतात. कुठले तरी भटके तुकडे जीनमध्ये घुसले. जंतूंची संख्या अफाट, तिथं जरा ओझं झालं की छाटणी होते. मोठे प्राणी त्या मानानं थोडे, त्यांच्यात असलं ओझं खपून जातं. म्हणून राहिले. पुढं त्यांचाच उपयोग व्हायला लागला."

मेहुणे कौतुकानं मान डोलवायचे.

"उपयोग कधी व्हायचा ओ?" काकू म्हणाल्या. "दळण तरी आणू द्या त्यास्नी!"

त्या दिवसापासून मेहुणे दळण आणायला लागले. सर दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बघा, उत्क्रांती चाललीय गिरणीवर!"

असा माणूस. पण मुलीच्या लग्नाचं शूटिंग झालं, तेव्हा व्हिडिओवाल्यानं विचारलं, "सर, लई लांब होतंय, काय ठेवू?" सासरच्यांना थोडक्यात हवं होतं. सर म्हणाले, "विधी ठेवा. मधलं टाका."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. सरांनी लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यात काकू जवळजवळ नव्हत्याच. सरांच्या घरची पद्धत अशी, की अक्षता पडताना नवरीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. कन्यादानाला काकू दिसल्या, पण डोक्यावर पदर आणि मान खाली.

सर व्हिडिओवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "मूळ शूटिंग असलं तर जुन्या डिस्कमध्ये. बघावं लागंल, सर. आशा धरू नका." सर रोज जाऊन त्याच्या बाकावर बसायला लागले. मेहुणे सांगत होते, तिथं सरांनी इंट्रॉनचं नावसुद्धा काढलं नाही. चहा विचारला तर "नको" म्हणायचे. तेवढंच.

एके दिवशी दुपारी मेहुण्यांनी मला हाक मारली. "सापडलं, या. सर एकटे बघायला तयार न्हाईत."

टीव्हीवर काकू होत्या. आचाऱ्यावर डाफरत होत्या, "वरण हाय का पाणी हाय?" मग चप्पल हरवलेल्या कुठल्याशा पोरीला कडेवर घेऊन फिरल्या. मग मांडवाच्या मागं खांबाला टेकून एकट्याच उभ्या राहिल्या, डोळे पुसले, आणि तेवढ्यात त्यांना कॅमेरा दिसला.

"माझं काय घेतोस रं? नवरीचं घे जा. हे कापून टाक."

सरांनी खुर्ची ओढून टीव्हीजवळ नेली.

"नाही कापत गं," ते म्हणाले.